पोतंभर वांगी

पोतं दारात टेकवून धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, वाटायची त्यांना वाटा. मार्केटला नेली असती तर हमाली, भाडं कापून पट्टीत माझ्याच अंगावर पैसे निघाले असते.” कृष्णाकाठची, काटेरी देठाची वांगी, चांगली १८-२० किलो. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होऊन चारच दिवस झाले होते. चातुर्मासभर घरात न शिरलेलं वांगं आता सगळ्यांच्याच शेतात लोंबत होतं.

इमारतीत वाटूनही निम्मी उरली. त्यातली दोन किलो मी फ्रीजमध्ये कोंबली आणि तिथेच चुकले. वांगं हे उन्हातलं झाड. १० अंशांखालची थंडी त्याला सोसत नाही. तिसऱ्या दिवशी सालीवर खळगे पडले होते आणि चिरल्यावर आतलं बी काळं. बाकीची माळ्याखाली टोपलीत पसरली होती, ती ठणठणीत.

पहिल्या दिवशी अर्थातच भरली वांगी. देठ ठेवून चार चिरा, लगेच मिठाच्या पाण्यात, नाहीतर मसाला वाटेपर्यंत ती काळवंडतात. दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं, काळा मसाला, चिंच-गूळ. दुसऱ्या दिवशी वांगीभात. तिसऱ्या दिवशी मुलानं ताटाकडे पाहून फक्त “परत?” एवढंच विचारलं.

मग काप केले. पोत्यात काढायला उशीर झालेली काही मोठी वांगी होती. वड्याचं तेल वांग्यावर काढतात ही म्हण ज्यानं केली, त्यानं वांगं नक्की तळून पाहिलेलं असणार. आत सगळा स्पंज; तव्यावर पडेल तेवढं तेल पिऊन वर कोरडंच. मी अर्ध्या बोटाच्या जाडीच्या चकत्यांना मीठ चोळून ताट तिरकं ठेवलं. पाचव्या मिनिटाला चकत्यांवर घामासारखे थेंब आले, विसाव्याला ताटाच्या कडेला तपकिरी पाण्याचं तळं. तळव्यात दाबलेली चकती ओल्या फडक्यासारखी लवली. आता तिखट, हळद, कोकमाचं आगळ, वरून रवा आणि तांदळाचं पीठ. निम्म्या तेलात कडा कुरकुरीत झाल्या. मुलानं सहा खाल्ले आणि हे वांगं आहे का, हे विचारायचं विसरला.

गोम पाण्याची होती. वांग्यात शंभरातले नव्वदहून जास्त भाग पाणीच. भरीत भाजताना फुसफुसत निघतं तेही तेच. (लहान वांग्यांच्या भरिताच्या भानगडीत मात्र पडू नये, सोलण्यातच दुपार जाते.)

उरलेल्या चार किलोंचा तोडगा शेजारच्या काकूंनी काढला. त्या गोंदियाच्या. “कायले फेकता जी? खुला करा ना.” खुला म्हणजे वाळवलेल्या वांग्याच्या फोडी. काकूंनी स्वतः विळी घेतली. देठ काढून उभ्या फोडी, किडकी बाजूला, थोडं मीठ, आणि गच्चीवर जुन्या धोतरावर अंतर ठेवून पसरल्या. पहिल्या संध्याकाळी त्यांच्या कडा आत वळल्या. रात्री खाली आणायच्या, कारण दव पडलं की बुरशी धरते. चौथ्या दिवशी फोड वाकवली तर चामड्यासारखी चिवट. पाचव्या दिवशी कट्कन मोडली, तेव्हा काकू म्हणाल्या, “आता भरा डब्यात.”

एप्रिलमध्ये मूठभर खुला गरम पाण्यात भिजवल्या आणि तुरीच्या डाळीत टाकल्या. ताज्या वांग्याचा बुळबुळीतपणा पार गेला होता. दाताखाली चिवटसर, वासाला किंचित धुरकट. मला त्या भरल्या वांग्याहून आवडल्या, आणि हे सासरी बोलायची सोय नाही.

गावी जाताना दिरांसाठी एक डबा नेला. त्यांनी एक फोड उचलली, हुंगली, बोटांत वाकवून पाहिली.

“वहिनी, किलोच्या किती होतात?”

“शंभर ग्रॅम. जेमतेम.”

त्यांनी फोड परत डब्यात टाकली आणि झाकण घट्ट लावलं.