कर्णवध आणि शौलाची दया

बारामतीस कऱ्हाकांठीं बाबूजी नाईकांच्या आश्रयास राहून मोरोपंतांनीं (इ. स. १७२९–१७९४) आर्याभारत रचिलें. त्यांतील कर्णपर्व वाचितांना यहुद्यांच्या शमुवेलग्रंथांतील शौल राजाची कथा आठवते.

रथाचें चाक भूमींत रुतलें असतां कर्ण धर्माच्या नांवें क्षणभर अवधि मागतो. श्रीकृष्ण द्रौपदीचा छळ व अभिमन्यूचा वध यांची आठवण देऊन, तेव्हां धर्म कोठें होता, असें विचारितो. अर्जुन सारथ्याची आज्ञा पाळून बाण सोडितो.

शौलाचें उलट झालें. अमालेक्यांचा समूळ संहार करावा, अशी आज्ञा शमुवेलानें कळविली असतां त्यानें राजा अगाग यास जिवंत धरिलें व उत्तम गुरेंमेंढरें यज्ञाच्या निमित्तानें राखिलीं. यज्ञापेक्षां आज्ञापालन श्रेष्ठ, असा निर्णय होऊन तो राज्यास मुकला.

यावरून दया हाच त्याचा अपराध, असें अनुमान सयुक्तिक नाहीं. प्रजा तरवारीखालीं घालून राजा तेवढा राखणें ही दया नव्हे, निवड होय. पुढें एन-गेदीच्या गुहेंत हाच शौल हातीं सांपडला असतां दावीद त्याच्या वस्त्राचा कांठ मात्र कापितो; ईश्वरानें अभिषेकिलेल्यावर हात टाकूं नये, म्हणून त्यास सोडितो. तेथें दया व आज्ञापालन एकरूप झालीं आहेत.

मात्र साम्याची मर्यादा ओळखिली पाहिजे. कर्ण रणांगणीं उतरलेला योद्धा होता. अमालेक्यांविषयींच्या आज्ञेंत स्त्रिया व तान्हीं मुलेंही होतीं. आज्ञापालनाचा महिमा कितीही गाइला, तरी तेवढ्यानें त्या संहाराचें समर्थन होत नाहीं.