सांगावं की झाकावं?

वॉर्डातली आमची एक सहकारी औषधांच्या नोंदीत कधी चुकत नसे. पण ऐनवेळी ड्युटी बदलली की सुन्न व्हायची. आम्ही तिला ‘तऱ्हेवाईक’ म्हणून हसायचो. पस्तिशीत तिला स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं निदान झालं. ‘‘मेट्रनबाईंना सांगू का?’’ तिनं विचारलं. तेव्हा आम्हाला उत्तर देता आलं नाही.

स्वमग्नता म्हणजे मेंदूची जन्मापासूनच वेगळी घडण. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती येते. सांगायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. सांगायचं ठरलं, तर निदानाबरोबर गरजही सांगा : ड्युटीचा तक्ता आधी मिळावा, सूचना लेखी मिळाव्यात, जेवणाच्या सुट्टीत शांत जागा असावी. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. सरकारी नोकरीत अशी वाजवी सोय करून देणं कायद्यानं बंधनकारक आहे. तक्रार ऐकायला तिथं तक्रार निवारण अधिकारी असतो. खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. ते मागून वाचा.

बंधुभगिनींनो, ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. आणि उद्या शेजारच्या टेबलावरच्या कुणी विश्वासानं सांगितलं, तर हसू नका. आम्ही हसलो होतो.