रहाटाचा दोर आणि दंडाची कंडरा

मंडळी, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आज पनवेलमध्ये कोपराबद्दल बोलतोय. पण प्रश्न ओळखीचाच आहे: एखादी गोष्ट नेमकी कशासाठी असते?

दंडातली बेटकुळी हात वाकवायला, असं आपण म्हणतो. ते काम मुख्यतः तिच्याखालचा ब्रॅकिआलिस करतो. बेटकुळीचं, म्हणजे बायसेप्सचं, खास काम तळहात उताणा करणं. उजव्या हातानं स्क्रू घट्ट पिळून बघा.

तिची कंडरा रेडियस या हाडाच्या उंचवट्याला जोडलेली असते. समोर नाही, मागच्या-आतल्या अंगाला. हात उपडा केला की ती हाडाभोवती गुंडाळली जाते, रहाटाला दोर गुंडाळावा तशी. ओढ बसली की हाड फिरतं.

वाकवलेल्या हातातलं जड पोतं निसटताना सावरायला गेलो, की ही कंडरा उपटू शकते. तशीच सोडली तर उचलण्याची ताकद साधारण ३० टक्के घटते, तळहात फिरवण्याची ४०. माझ्या वयाला चालेल एक वेळ. सुताराला, वायरमनला कसं चालेल?

ऑपरेशन म्हटलं की सगळे विचारतात, टाका किती पक्का? हाडापलीकडे धातूचं छोटं बटण अडकवतात, ते ताणाच्या चाचण्यांत दणकट ठरलंय. मला जागेचा प्रश्न मोठा वाटतो. समोरून छेद घेतला की कंडरा समोरच जोडणं सोपं पडतं. पण मग गुंडाळा कमी होतो, आणि तळहात उताणा होत आला की शेवटचा पीळ देता येत नाही. उंचवटा फार कोरला तरी तेच. रहाटाचा गोल बारीक केल्यासारखं.

आणि हो, निर्णय दोन-तीन आठवड्यांत व्हावा. तुटलेली कंडरा वर सरकून आक्रसत जाते.