धावण्याचे कपडे : पैसे कुठे घालावे, कुठे वाचवावे

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्यासाठी आपल्या वस्तीतली मुले-मुली पहाटेच मैदान गाठतात. आम्ही त्यांची विचारपूस करतो तेव्हा सोललेल्या मांड्या आणि जांघेतले गजकर्ण यांची गोष्ट सर्वांत शेवटी, लाजत निघते. काही मुली तर तेवढ्यासाठी धावणेच सोडतात.

यात कपड्याचा वाटा मोठा. सुती कपडा घाम पितो, पण लवकर वाळत नाही. ओला होऊन अंगाला घासतो. धावायला पातळ, जाळीदार पॉलिस्टरचा टी-शर्ट बरा. तो साध्या बाजारातही मिळतो. छातीवरच्या छापाचे पैसे देऊ नका. घेताना उलटा करून शिवणीवरून बोट फिरवा, टोचली तर ठेवून द्या. हाफपँटच्या आत मांडी झाकणारी सायकलिंग शॉर्ट घाला. मुलींनी चांगली स्पोर्ट्स ब्रा घ्यावी; तिथे आणि बुटांत काटकसर नको.

दोन जोड पुरेत. रोज धुवा, उन्हात वाळवा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा. गजकर्ण झालेच तर मेडिकलमधून मिश्र औषधांची ट्यूब मनाने आणू नका. अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. खाज थांबते, पण रोग आत पसरत राहतो. सरकारी दवाखान्यात दाखवा.

आईवडिलांनो, लेकीचे धावण्याचे कपडे ही चैन नव्हे. त्यावरून कोणी बोलले, तर तिच्या बाजूने तुम्ही बोला.

जयभीम!