लोणच्याची बरणी आणि स्वतःची वेबसाइट

बुलंदशहरहून उसने ५०० रुपये घेऊन दिल्लीत आलेल्या कृष्णा यादव यांनी २००१मध्ये उजवा येथील कृषी विज्ञान केंद्रात अन्नप्रक्रियेचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण घेतले. ३,००० रुपये घालून त्यांनी १०० किलो करवंदाचे आणि ५ किलो मिरचीचे लोणचे केले. नफा झाला ५,२५० रुपये. सुरुवातीची विक्री नजफगढला रस्त्याकडेला टेबल मांडून झाली. पुढे कारखाना उभा राहिला आणि २०१५चा नारी शक्ती पुरस्कारही मिळाला.

टेबलापाशी थांबलेले गिऱ्हाईक बरणी उचलून पाहते, विकणाऱ्याशी चार शब्द बोलते. वेबसाइटवर यातले काहीच होत नाही. अनेक गृहिणी मात्र सगळा जीव रंगीबेरंगी पानावर खर्च करतात. खरे तर एकच पान पुरे. त्यावर खिडकीजवळच्या उजेडात काढलेला फोटो, वजन, किंमत, घातलेले सर्व जिन्नस, केव्हा केले आणि किती दिवस टिकेल, हे सारे स्पष्ट असावे. तक्रार कोणाकडे करायची, तेही लिहावे. पैशांसाठी यूपीआय आहेच.

नाव कोणाच्या नावावर?

वेबसाइटचे नाव विकत मिळत नाही, ते मुदतीने घ्यावे लागते. मुदत संपली की दुसरा कोणीही ते घेऊ शकतो. शेवटी ‘.इन’ असलेले नाव घेता येते. २०१४पासून देवनागरीत ‘.भारत’ही मिळते. हौशी भाचा किंवा वेबसाइट बनवणारा मुलगा ही नोंदणी स्वतःच्या नावावर करून मोकळा होतो. उद्या त्याच्याशी बिनसले, तर चार वर्षे कमावलेले नाव गेलेच म्हणून समजा! नोंदणी, ईमेल आणि पासवर्ड स्वतःकडेच हवेत.

यमुनेपलीकडचे गिऱ्हाईक

खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची नोंदणी हवी. तिचा १४ आकडी क्रमांक बरणीवर छापावा लागतो. दिल्लीत आणखी एक मेख आहे. मयूर विहारहून नोएडा हाकेच्या अंतरावर, पण ते दुसरे राज्य! परराज्यात लोणचे विकायचे, तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. पापडावर मात्र कर नाही. म्हणून फक्त पापड विकणारीला ही कटकट नाही. सुरुवातीला डिलिव्हरी दिल्लीपुरती ठेवली, तरी चालते.

वेबसाइट सुरू झाली म्हणून ऑर्डरी धो धो येत नाहीत. आधी सोसायटीतल्या, भिशीतल्या, आजवर आपल्याकडून लोणचे नेणाऱ्या बायकांना तिचा पत्ता पाठवावा. मोठ्या शॉपिंग साइटवर गर्दी असते खरी, पण तिथे कमिशन कापले जाते आणि गिऱ्हाईकही त्यांचेच राहते.

आणि हो, तेलाची बरणी! झाकणाखाली सील, बाहेरून प्लॅस्टिकची पिशवी, मग पुठ्ठ्याचा खोका. पहिले पार्सल पुण्याच्या नणंदेला पाठवून पाहावे. गळालेच, तर बोलणी घरातल्याच माणसाची खावी लागतील.