विद्यापीठांतर्गत महाविद्यालय-बदल : नवी मुंबईतील पदवी विद्यार्थ्यासमोरील निवड

प्रस्तावना

१८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबईपासून थेट सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. सिडकोने १९७० नंतर उभारलेले नवी मुंबई हे नगर ठाणे व रायगड अशा दोन जिल्ह्यांत विभागलेले असले, तरी तेथील कला, वाणिज्य व विज्ञान शाखांची बहुतेक महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे वाशीहून पनवेलच्या महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी विद्यापीठ बदलत नाही, केवळ महाविद्यालय बदलतो. कागदोपत्री ही बाब किरकोळ भासते. प्रत्यक्षात या निर्णयातील एका चुकीमुळे विद्यार्थ्याचे संपूर्ण वर्ष वाया जाऊ शकते. प्रस्तुत लेखात या निवडीच्या स्वरूपाचा विचार केला आहे.

दाखला आणि जागा

विद्यापीठ बदलताना लागणारे स्थलांतर प्रमाणपत्र येथे आवश्यक नसते. मूळ महाविद्यालयाचे ना हरकत पत्र, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आणि कायम नोंदणी क्रमांक यांच्या आधारे व्यवहार पूर्ण होतो. अर्थात नव्या महाविद्यालयात जागा रिक्त असेल तरच. द्वितीय वर्षाच्या जागा प्रथम वर्षाचा निकाल लागल्याशिवाय स्पष्ट होत नाहीत. या मधल्या काळात उतावीळपणे दाखला काढून घेणारा विद्यार्थी दोन्हीकडून जातो : जुनी जागा सुटते आणि नवी मिळालेली नसते. प्रवेशाची लेखी हमी आधी व दाखला नंतर, हा क्रम कार्यालयातील कर्मचाऱ्यांना ठाऊक असतो. परंतु विद्यार्थ्याला तो क्वचितच कोणी सांगते.

स्वायत्ततेमुळे बदललेला प्रश्न

पूर्वी संपूर्ण विद्यापीठाचा अभ्यासक्रम एकच असल्याने महाविद्यालयाची निवड ही मुख्यतः अंतर, शुल्क व लौकिक यांची निवड होती. आज परिस्थिती तशी राहिलेली नाही. वाशीचे कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय, नेरूळचे एसआयईएस महाविद्यालय, नवीन पनवेलची चांगू काना ठाकूर व पिल्लई महाविद्यालये ही स्वायत्त आहेत. स्वायत्त महाविद्यालय आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवते, परीक्षा स्वतः घेते; पदवी मात्र विद्यापीठच देते. म्हणजे बी.कॉम. हे नाव सर्वत्र तेच असले, तरी त्यातील विषयपत्रिका, त्यांचा क्रम आणि अंतर्गत मूल्यमापनाची पद्धत भिन्न असू शकते. एका ठिकाणी दुसऱ्या सत्रात शिकविला जाणारा घटक दुसरीकडे तिसऱ्या सत्रात असल्यास विद्यार्थी तो पुन्हा शिकतो. उलट झाल्यास त्याला तो कधीच शिकायला मिळत नाही.

श्रेयांक बँकेमुळे ही अडचण संपुष्टात आली, असा एक समज आढळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँकेचे विनियम लागू केले, हे खरे. परंतु बँक श्रेयांकांची संख्या जपते. त्यामागील विषयाची समकक्षता जपत नाही. ती ठरविणे नव्या महाविद्यालयाच्याच हाती राहते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मुख्य व गौण विषयांची रचना आल्यापासून तर प्रश्न अधिकच सूक्ष्म झाला आहे. अर्थशास्त्र मुख्य आणि इतिहास गौण घेतलेल्या विद्यार्थ्याला नव्या महाविद्यालयात अर्थशास्त्र मिळेल, पण इतिहास विभागच नसेल, तर त्याने काय करावे? महाविद्यालयाच्या नावापेक्षा तेथील तीन वर्षांची विषययादी आधी पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

एटीकेटी असलेल्या विद्यार्थ्याची स्थिती याहून नाजूक असते. राहिलेल्या विषयाची परीक्षा कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या अभ्यासक्रमानुसार द्यावयाची आणि तिचे गुण कोण कळविणार, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रवेशापूर्वी लेखी मिळालेली असावीत. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीच्या अर्जात महाविद्यालयाची नोंद बदलणे हेही असेच दुर्लक्षित राहणारे काम आहे. शुल्काचा हप्ता अडकल्यावरच त्याची आठवण होते.

अंतराचा विचार

१९९२ मध्ये वाशीपर्यंत आणि १९९८ मध्ये पनवेलपर्यंत आलेल्या हार्बर मार्गाने या परिसरातील महाविद्यालयांची पटसंख्या घडविली. उरणच्या विद्यार्थ्यास मात्र लोकल रेल्वेसाठी जानेवारी २०२४ पर्यंत थांबावे लागले. त्यापूर्वी बसने नेरूळ वा वाशी गाठताना सकाळच्या सत्रातील पहिली तासिका बुडणे हे त्याच्या हजेरीत दिसत असे, कारण मात्र हजेरीपटावर येत नसे. घराजवळचे महाविद्यालय निवडणाऱ्या विद्यार्थ्याला महत्त्वाकांक्षा नाही, असा निष्कर्ष प्राध्यापकांनी घाईने काढू नये. घरी शिकवण्या घेणाऱ्या किंवा संध्याकाळी दुकानात काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने वाचलेले दोन तास हे शैक्षणिक साधनच असते.

प्राध्यापकाची अडचण

येथे एका अप्रिय बाबीचा उल्लेख करणे भाग आहे. विद्यार्थ्याला सल्ला देणारा प्राध्यापक या प्रश्नात तटस्थ नसतो. विभागाचा कार्यभार विद्यार्थिसंख्येवर अवलंबून असतो. मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान यांसारख्या विषयांत द्वितीय वर्षाचे चार विद्यार्थी गेले, तर विशेष विषयाची तुकडीच धोक्यात येते आणि तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याचे काम सुटते. अशा वेळी ना हरकत पत्र लांबविण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु तो समर्थनीय नाही. विलंबाने मिळालेले पत्र हे नकारासमानच असते, कारण तोपर्यंत नव्या महाविद्यालयातील जागा भरलेली असते. दुसरीकडे, विद्यार्थी नेमका कशासाठी जातो हे विचारण्याचा अधिकार विभागाला निश्चितच आहे. कित्येकदा विषय न मिळणे, एका शिक्षकाशी न जुळणे किंवा वेळापत्रकातील अडचण एवढेच कारण निघते आणि ते जागेवर सोडविता येते.

मात्र कारण खरे असेल, तर दोन्ही महाविद्यालयांच्या विषयपत्रिका समोरासमोर ठेवून विद्यार्थ्यासोबत अर्धा तास बसणे, हे काम विभागातच व्हावयास हवे. कार्यालयाच्या खिडकीवर ते होत नाही. ही चौकशी निकालाची वाट न पाहता द्वितीय सत्राची परीक्षा चालू असतानाच सुरू झालेली बरी.