ओतूरचं पत्र आणि ‘रानडे’चा वर्ग

1877 चा एप्रिल. जुन्नर तालुका दुष्काळात होरपळत होता. 20 तारखेला ओतूरहून सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. नवऱ्याला लिहिलेलं पत्र, पण त्यात खुशालीपेक्षा हकिकतच जास्त. जनावरं मरतायत, माणसं गाव सोडून चाललीत, सावकार अडल्यानडल्यांना नाडतायत, पन्नास सत्यशोधक कार्यकर्ते पकडले गेलेत. पुढचा भाग तर पत्रकारितेच्या वर्गात शिकवावा असा. कलेक्टरनं बोलावणं धाडल्यावर सावित्रीबाईंनी त्यालाच विचारलं, भल्या माणसांवर खोटा आळ कशासाठी? माणसं सुटली, वर कलेक्टरनं ज्वारीही पाठवली. किती? चार बैलगाड्या. ‘बरीच मदत मिळाली’ असं मोघम लिहून त्या मोकळ्या झाल्या नाहीत.

2014 मध्ये पुणे विद्यापीठाला याच सावित्रीबाईंचं नाव मिळालं. जुन्नर-आंबेगावातल्या ज्या मुलामुलींना ‘जर्नालिझम’ करायचंय, त्यांच्या कानावर बहुधा पहिल्यांदा या विद्यापीठाचं ‘रानडे’ पडतं. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला हा पत्रकारिता विभाग 1964 चा. कुठल्याही शाखेची पदवी घ्यायची, प्रवेश परीक्षा द्यायची आणि दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण पुरं करायचं. म्हणजे मंचरला बीकॉम किंवा जुन्नरला बीएस्सी केलेल्यालाही दार उघडं. पण बातमी लिहायला विद्यापीठ कशाला हवं, हा चावडीवरचा प्रश्न उरतोच.

पाचवी ओळ

आपल्याकडची नेहमीची बातमी घ्या. बिबट्याचा धुमाकूळ, गोठ्यातली शेळी ठार, ग्रामस्थांत घबराट, पिंजरा लावण्याची मागणी. चार ओळींत संपली. ही बातमी कुणीही लिहील. शिकलेल्यानं पाचवी ओळ शोधायची: पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या पुढं जातो कुठं? 2001 पासून काही वर्षं जुन्नर भागातले बिबटे पकडून दुसरीकडे सोडले जात होते. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदवलं, की हे स्थलांतर सुरू झाल्यावर माणसांवरचे हल्ले वाढले. एवढं वाचलेला बातमीदार पिंजऱ्याची मागणी छापेलच, पण वनखात्याला एक प्रश्न जास्तीचा विचारेल.

दुसरी गोष्ट कायद्याची. अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराच्या बातमीत नाव गाळायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण शाळा, वाडी आणि वडिलांचा धंदा छापला तर? शहरात तेवढ्यावरून कदाचित कुणी ओळखणार नाही. तालुक्यात बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर ओळख पटलेली असते. पॉक्सो कायद्याच्या कलम 23 प्रमाणे ओळख उघड होईल असा कुठलाही तपशील छापता येत नाही. अब्रुनुकसानी, माहितीचा अधिकार, न्यायालयाचा अवमान हे विषय परीक्षेपुरते घोकणारा पुढं कधी ना कधी अडकतो.

जाहिरातीचं गणित

पदवी हातात आली म्हणजे नोकरी आलीच, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नये. पुण्या-मुंबईत जागा थोड्या, उमेदवार फार. तालुक्याला बहुतेक वार्ताहर पगारी नसतात. शेती किंवा दुकान सांभाळून बातम्या पाठवतात आणि जाहिरातीच्या कमिशनवर भागवतात. मग पेच असा, की ज्याच्या विरोधात लिहायचं, त्याच्याकडूनच वाढदिवसाची जाहिरात आणायची. हा पेच अभ्यासक्रमात आचारसंहितेच्या धड्यात भेटतो, पण सुटतो ज्याचा त्याच्या हिमतीवर. म्हणून भाषांतर, संपादन, व्हिडिओ, डेटा यांतलं एखादं कसब हाताशी असलेलं बरं. पोटाची सोय झाली, की नाही म्हणायला बळ येतं.

आता चावडीवरच्या त्या प्रश्नाकडे. माळीण घ्या. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं हे गाव डोंगराखाली गेलं, दीडशेवर माणसं दगावली. बाहेरच्या जगाला हे आधी कळलं ते एका एसटी चालकामुळं. गाडी घेऊन तो आला, तर जिथं गाव दिसायचं तिथं गाव नव्हतं. पत्रकारितेची पदवी नसलेल्या माणसानं दिलेली ती मोठी बातमी. गाव कुठं असतं हे ज्याला माहीत, त्यालाच ते नाहीसं झाल्याचं कळतं.

पण डोंगर खचला का? अतिवृष्टी किती, उतारावरच्या शेतीसाठी झालेल्या सपाटीकरणाचा वाटा किती, शेजारच्या वाड्यांना धोका आहे का? त्यासाठी भूगर्भशास्त्रज्ञांचे अहवाल वाचायचे, सरकारी कागद मागायचे, अधिकाऱ्यासमोर बसून त्यालाच विचारायचं. ती दुसऱ्या दिवसाची बातमी. भल्या पहाटे एसटीनं पुण्याला निघालेल्या पोरीनं ही दुसरी शिकायला जावं. पहिली तिच्या गाठीला आहेच.